एका बाजूला बत्तीस मिनिटं

एप्रिलची बारा तारीख, रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम पंधरा हजार रुपये, दोन कॅसेटींची मिळून. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि पुण्याहून आलेली एक मुलगी, जी ही रक्कम देणार होती. जागा आमच्या घरातली खालची बाहेरची खोली. घर नागपुरात, अजनीच्या रेल्वेलाइनपासून दोनशे पावलांवर. खाली भाऊ राहतो, वर मी.

भावाची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण तो स्वतः करून देऊ शकत नाही. वय चोपन्न. विदर्भात नवरात्रात लागणारी दोन-तीन देवीची गाणी त्याने लिहिलेली आणि चाल लावलेली आहेत. ती गायली दुसऱ्यांनी. लोक त्याला 'देवीच्या गाण्यांवाले' म्हणून ओळखतात. चार वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. अर्धी जीभ आणि डाव्या जबड्याचा तुकडा काढला. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले, आणि आम्हाला ते कोणी सांगायची गरज नव्हती. आता तो बोलतो ते फक्त त्याच्या बायकोला कळतं. बाकीच्यांसाठी शंभर पानी वही आणि पेन्सिल. वहीत तो बोलायचा तसंच लिहितो.

या देवीच्या गाण्यांच्या आधी, पस्तीस वर्षांपूर्वी, त्याने स्वतः लिहून स्वतः गायलेल्या दोन कॅसेटी काढल्या होत्या. त्या कोणाच्या लक्षात नाहीत, असं मी परवा-परवापर्यंत समजत होतो.

फेब्रुवारीत त्या मुलीचा फोन आला. जुन्या, विसरलेल्या कॅसेटी शोधून त्या स्वच्छ करून इंटरनेटवर आणायच्या, असं तिचं काम. खापरखेड्याच्या कॉलनीत एक निवृत्त गृहस्थ तिला भेटले होते. त्यांच्याकडे भावाच्या दोन्ही कॅसेटी होत्या. त्यांनी पस्तीस वर्षं त्या जपल्या, दोनदा तुटलेली टेप नेलपॉलिश लावून जोडली. तिला म्हणाले होते, "हा पोरगा गेला कुठं? पुन्हा काही काढलंच नाही त्यानं." भावाचा फोन त्याच्या बायकोकडे असतो (मी तिला वहिनीच म्हणतो), आणि ती अनोळखी नंबर उचलत नाही, म्हणून त्या मुलीने माझा नंबर मिळवला.

"काका, हे चक्क कंट्री-रॉक आहे," ती फोनवर म्हणाली. "आणि वऱ्हाडीत! असं कोणी केलेलं मी दुसरं ऐकलेलं नाही."

"आम्ही त्याले मालगाडीची गाणी म्हणायचो," मी म्हटलं.

ती हसली, पण मी खरंच सांगत होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला रेल्वेतून निवृत्त झालेले एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. एकटे. त्यांच्याकडे एक गिटार, एक माउथ ऑर्गन आणि टोपीवाल्या, बूटवाल्या अमेरिकन गायकांची चित्रं असलेल्या बारा-पंधरा रेकॉर्डी होत्या. भाऊ पंधरा वर्षांचा असल्यापासून तिथेच पडलेला असायचा. गार्डसाहेब त्याला ताल शिकवताना रुळांकडे बोट दाखवायचे. "सुन बेटा, मालगाडी कभी जल्दी में नहीं होती. जोड़ पे जोड़, जोड़ पे जोड़. हाथ वैसा चलना मंगता." गार्डसाहेब गेले तेव्हा गिटार भावाला देऊन गेले. आणि भाऊ त्या तालावर आमच्या बोलीतली गाणी लिहायला लागला. एक गाणं गार्डसाहेबांवरच होतं. गाडी स्टेशनाबाहेर, घराजवळच्या आउटर सिग्नलला अडकून उभी आहे, डब्यातून स्वतःचं घर दिसतंय, पण गार्डाला उतरता येत नाही:

आउटरले उभी गाडी, सिगनल काही देईना
घरचा दिवा दिसून राह्यला, उतरता मले येईना

मला गाण्यातलं काही कळत नाही. आमचे वडील गांधीबागेत एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते आणि मी बाविसाव्या वर्षी त्याच पेढीवर हिशेबाला लागलो. मला आकडे कळतात. म्हणून कॅसेट काढायचं ठरलं तेव्हा गाणी त्याची आणि व्यवस्था माझी, अशी वाटणी आपोआप झाली. पैसे घरचे होते: वडिलांची थोडी शिल्लक, माझा पगार, भावाच्या शिकवण्या.

ध्वनिमुद्रण धरमपेठेत एका माणसाच्या घरच्या मागच्या खोलीत झालं. भिंतींना पोती ठोकली होती. भाडं तासावर होतं, म्हणून मी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि प्रत्येक गाणं किती मिनिटं-सेकंदांचं झालं ते डायरीत लिहीत गेलो. भाऊ गायचा आणि मी काट्याकडे बघायचो. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं असेल तर ते आठवत नाही. सेकंद आठवतात, कारण ते लिहिलेले आहेत.

पहिली बाजू: बत्तीस मिनिटं दहा सेकंद. दुसरी बाजू: एकतीस मिनिटं पन्नास सेकंद.

ज्यांनी कॅसेटीचा काळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोऱ्या कॅसेटी मुख्यतः दोन मापांच्या मिळायच्या, साठ मिनिटांची आणि नव्वद मिनिटांची. साठची म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, वर फार तर वीस-पंचवीस सेकंद. नव्वदची घेतली तर एका कॅसेटमागे चार रुपये जास्त पडत होते. सीताबर्डीच्या एका गल्लीत एक माणूस ढिगाने कॉप्या काढून द्यायचा. त्याच्याकडे मी मूळ टेप घेऊन गेलो.

"बत्तीस मिनिटं साठच्या टेपमंधी कशी बसन भाऊ?" तो म्हणाला. "एक गाणं काढा, नाही तं नव्वदची घ्या."

घरी येऊन भावाला विचारलं. तो म्हणाला, "कोनतं काढू? तूच सांग दादा. माह्या हाताचं कोनतं बोट कापू ते सांग."

मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. म्हटलं, "गाणं काढायचं नाही आणि नव्वदची परवडत नाही. बसवून द्या ना."

"बसवतो मंग. मी हाय ना."

मी भाजीवाल्याला कोथिंबीर कोणत्या गावची ते विचारणारा माणूस. माझी बायको म्हणते, आमच्या लग्नात लिंबं किती लागली तेही यांना विचारा. लागली होती एकशे चाळीस. तर अशा माणसाने त्या दिवशी कसं बसवणार ते विचारलं नाही. चार रुपये वाचले, गाणं राहिलं, मी खूश झालो. तीनशे कॉप्या काढल्या. पुढच्या वर्षी दुसरी कॅसेट निघाली, तिच्या दीडशे, आणि तेव्हाही मी त्याच माणसाला म्हटलं, "मागच्यासारखंच बसवा."

पहिली कॅसेट घरी आली त्या संध्याकाळी आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसलो. आवाज भावाचाच होता, पण कसा तरी बारीक. आई म्हणाली, "सर्दी झाली होती का गा तुले?" भाऊ गिटार घेऊन कॅसेटबरोबर वाजवायला लागला आणि थांबला.

"दादा, जुळून नाही राह्यलं. मी तं पांढरी दोनमंधी गायलो होतो. हे काळी दोन वाजून राह्यली."

पेटीच्या पट्ट्यांवरून आपल्याकडे गाण्याची उंची मोजतात. पांढरी दोन आणि तिच्या लगतची वरची काळी दोन, एवढाच फरक, एका पट्टीचा. तेव्हा मला हे एवढंही माहीत नव्हतं. तरी मी उत्तर दिलं. म्हटलं, "तुही गिटार उतरली असन."

त्याने माझं ऐकलं. मी मोठा होतो, आणि मी चुकीचं सांगत नाही अशी घरात समजूत होती. त्याने तारा चढवल्या. एक तुटली.

त्यानंतर काय झालं ते लिहिणं भाग आहे. गल्लीतली पोरं कॅसेट ऐकून त्याला 'मावशी' म्हणू लागली. आवाज बारीक म्हणून. तो हसण्यावारी न्यायचा, पण घरी मला म्हणाला होता, "आपला आवाज आपल्याले जाड ऐकू येते म्हणे दादा. बाहेरून मी असाच असन." दुसरी कॅसेट निघाली तिच्या पुढच्या गणपतीत आमच्या मंडळाने त्याचा कार्यक्रम ठेवला. साथीला एका ऑर्केस्ट्रातली चार मुलं. त्यांनी गाणी कॅसेटवरून बसवली होती. संध्याकाळी मांडवामागे भाऊ त्यांना म्हणाला, पांढरी दोन घ्या. पेटीवाला म्हणाला, "काय बोलून राह्यला यार? तुह्याच कॅसेटमंधी काळी दोन हाय. आमची तीच बसली हाय. आता बदलवू का?" भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी घड्याळ दाखवलं. सात वाजले होते, कार्यक्रमाची वेळ झाली होती.

तो काळी दोनमध्ये गायला. पहिली तीन गाणी ताणून नेली. चौथं आउटरचं गाणं. त्यात 'दिवा' या शब्दावर आवाज सगळ्यात वर जातो, आणि तिथे त्याचा आवाज फाटला. मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, दमानं!" सगळा मांडव हसला. मीही, खोटं कशाला लिहू, थोडा हसलो, शेजारी पेढीचे मालक बसले होते म्हणून. भावाने गाणं पुरं केलं. नंतर गिटार पेटीत ठेवली.

आठ दिवसांनी मी त्याला हिशेब दाखवला. पहिली कॅसेट तीनशेपैकी चौऱ्याण्णव खपली, दुसरी दीडशेपैकी एकतीस. म्हटलं, "आकडे तुह्यासमोर हायत. लिही पाहिजे तेवढं. गाऊ नको." तो हो म्हणाला. वाद घातला असता तर मला आज बरं वाटलं असतं. उरलेल्या तीनशे पंचवीस कॅसेटी मी त्याच कॉपीवाल्याला विकल्या. तेव्हा तसं चालायचं, भरलेल्या कॅसेटवर दुसरं भरता येत होतं. त्यांच्यावर भजनं भरली गेली.

खर्रा त्याने त्यानंतर सुरू केला असं म्हटलं तर गोष्ट नीट जुळते, पण ते खरं नाही. तो आधीही खायचा. नंतर जास्त खायला लागला का, ते मी मोजलं नाही.

आता यंदाचा मार्च महिना. त्या मुलीने खापरखेड्याच्या कॅसेटींवरून गाणी उतरवून माझ्या फोनवर पाठवली. रविवारी दुपारी मी डायरी काढून बसलो. हेतू काही नव्हता, सवय. प्रत्येक गाण्यापुढे फोनवर त्याची लांबी येते, ती मी डायरीतल्या आकड्याशी ताडून बघत होतो.

डायरीत पहिलं गाणं तीन मिनिटं बत्तीस सेकंद. फोनवर तीन वीस. दुसरं डायरीत चार पंचवीस, फोनवर चार दहा. आउटरचं गाणं डायरीत पाच अठरा, फोनवर बरोबर पाच.

आधी वाटलं, सुरुवात-शेवट कापला असेल. पण फरक सगळीकडे सारखा पडत होता. शंभराला सहा. पहिल्या बाजूची बेरीज केली: बत्तीस दहाऐवजी तीस मिनिटं वीस सेकंद. साठच्या कॅसेटची एक बाजू.

मला लगेच कळलं असं नाही. मी त्या मुलीला फोन केला आणि आकडे वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

"काका, टेप वेगाने फिरवून कॉपी केलीय," ती म्हणाली. "गाणी बसावीत म्हणून. सहा टक्के वेग वाढवला की आवाज अख्खी एक पट्टी वर जातो. मला वाटलं, त्यांचा आवाजच तसा आहे. तुमच्याकडे हे सेकंद लिहिलेले नसते तर मला कधी कळलं नसतं. तुम्ही केवढं मोठं काम केलंय!"

मी फोन ठेवला. बायकोने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, हिशेब लागला.

महिनाभर मी भावाला काही सांगितलं नाही. रोज सकाळी खाली उतरताना सांगायचं ठरवायचो. तो पेपर वाचत बसलेला असायचा, मान वर करून भुवई उडवायचा, म्हणजे काय म्हणता. आणि मी म्हणायचो, काही नाही, ऊन वाढलं. त्या मुलीने दोन्ही प्रकार तयार केले होते, कॅसेट जशी होती तशी आणि सहा टक्के उतरवलेली. जगापुढे कोणती जाणार ते त्याने ठरवायचं होतं, म्हणून ती बारा तारखेला स्वतः आली. म्हणजे सांगायचं टाळण्याची मुदत संपली होती.

ती आल्यावर भावाने वहीत लिहिलं, "ताई, खर्रा खात असान तं सोडा. गाता येत नाही मंग." ती गडबडली. वहिनी म्हणाली, "त्याइकडे लक्ष नका देऊ वं. सगळ्याइले हेच लिहून दाखवते." चहा झाला. मग त्या मुलीने टेबलावर दोन छोटे स्पीकर ठेवले आणि म्हणाली, "कूलर जरा बंद करता? आणि पंखाही." आम्ही दोन्ही बंद केले. एप्रिलमध्ये नागपुरात हे करणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

आधी तिने कॅसेट जशी होती तशी लावली. आउटरचं गाणं. भाऊ उजव्या बाजूने थोडा हसला, लहानपणचा वेंधळा फोटो बघून हसतात तसा. वहिनी म्हणाली, "ऐकली हाय मी ही. एक कॅसेट कपाटात होती लग्न झालं तवा." तिचं लग्न या सगळ्यानंतर सहा वर्षांनी झालं. भाऊ गातो हे तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. देवीच्या गाण्यांच्या चाली तो गुणगुणायचा तेवढंच.

मग दुसरी लावली.

गिटार आधी सुरू झाली. मालगाडी सांध्यांवरून जाते तशी, घाई नाही. मग आवाज आला. बाविसाव्या वर्षी मी ज्याच्यासमोर बसून काट्याकडे बघत होतो, तो आवाज. जाडसर, कोरडा, ओळीच्या शेवटी जरा खाली बसणारा. आमच्या भावाचा. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून "दादा, गाडीची चाबी फ्रिजवर हाय" म्हणाला तो आवाज. मला या चार वर्षांत तो आठवेनासा झाला होता आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

वहिनीने विचारलं, "हे कोन गाऊन राह्यलं?"

"हेच," ती मुलगी म्हणाली. "हाच त्यांचा खरा आवाज."

वहिनी उठून भावाजवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्पीकरकडे बघत राहिली, तिथून कोणी बाहेर येणार असल्यासारखी. 'दिवा' हा शब्द आला. आवाज वर गेला आणि सहज उतरला. तिथे फाटण्यासारखं काही नव्हतंच.

गाणं संपल्यावर भाऊ आत गेला. गिटार घेऊन आला. ती तो वाजवत नाही, पण तारा जुळवून ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. त्याने त्या मुलीला खूण केली, पुन्हा लाव. गाणं सुरू झाल्यावर त्याने एकच झंकार दिला. जुळला. पुन्हा दिला. पुन्हा जुळला. त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली, वही ओढली आणि लिहून माझ्याकडे सरकवली.

"पांढरी दोन. गिटार उतरली नव्हती."

पस्तीस वर्षं त्याने ते वाक्य लक्षात ठेवलं होतं. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते मी महिनाभर जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, "मी सांगतलं होतं त्याले, बसवून द्या म्हणून. दोन्ही वेळा. नव्वदची महाग पडत होती. तो कसं बसवन, हे मी विचारलं नाही. तुहा आवाज तसा कधी नव्हताच. तू मले सांगतलं होतं, अन् मी म्हटलं गिटार उतरली."

माझ्या बायकोने पदराने कपाळ पुसलं. बाहेरून एक गाडी गेली, मालगाडीच, बराच वेळ. ती पूर्ण जाईपर्यंत भाऊ थांबला, आणि मग लिहिलं.

"किती वाचले?"

मला आकडा शोधावा लागला नाही. "अठराशे. चार रुपये एका कॅसेटमागं. तीनशे अन् दीडशे."

"कायचं केलं?"

मी वर बघायचं टाळलं. माझ्या बायकोनेच वर बोट दाखवलं. तिला ठाऊक होतं, कारण हा हिशेब मी तिला नव्या नवरीला कौतुकाने सांगितला होता: गाण्याच्या खर्चातून वाचवून घरात दोन पंखे घेतले. एक माझ्या खोलीत, एक इथे. इथला अजून चालतो. त्या वेळी तो आमच्या डोक्यावर बंद होता.

भावाने वर बघितलं. बराच वेळ. मला वाटलं तो हसेल. तो अशा गोष्टींवर हसणारा माणूस आहे. मी त्याच्या उजव्या गालाकडे बघत होतो, हसू तिथेच येतं. आलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते डाव्या बाजूला, जिथे ऑपरेशनमुळे त्याला स्पर्श कळत नाही, तिथून गळत राहिलं. वहिनीने पुसलं.

"ताई," वहिनी त्या मुलीला म्हणाली, "हे मले पहिले काहून नाही भेटलं वं?" त्या मुलीने मान खाली घातली.

मग कामाचं बोलणं झालं. मुलीने दोन कागद काढले. कोणता आवाज घ्यायचा, असं तिने विचारलं तेव्हा भावाने वहीत 'दुसरा' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. कागदांवर नाव कोणाचं घालायचं, देवीच्या गाण्यांवर असतं तेच का, तर नाही म्हणून मान हलवली. लहानपणी गार्डसाहेब ज्या नावाने हाक मारायचे ते लिहून दिलं. ते नाव मी विसरलो होतो. त्याने सही केली, साक्षीदार म्हणून वहिनीने केली. मी पेन पुढे केलं होतं, पण त्याने वही-कागद वहिनीकडे सरकवले.

जाण्याआधी त्या मुलीने मला विचारलं, "काका, तुमच्या डायरीच्या पानाचा फोटो टाकू का सोबत? लोकांना आवडेल, कसा शोध लागला ते." मी भावाकडे बघितलं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, नका टाकू.

ती गेल्यावर आम्ही चौघं उरलो. कूलर पुन्हा लावला. पंख्याच्या बटणाला कोणी हात लावला नाही. मी वर जायला निघालो तेव्हा भावाने पेन्सिल टेबलावर वाजवली. वहीत एक आकडा होता, पुढे काही नाही.

"१८००"

माझी बायको म्हणाली, "अजी भाऊजी, आता काय..." आणि थांबली. त्याचा हात पुढे होता. तो गंमत करत नव्हता. मी पस्तीस वर्षांचं व्याज मनात मोजायला लागलो होतो, सवयीने, आणि लाज वाटून ते सोडलं. त्याने व्याज मागितलं नव्हतं. वर जाऊन कपाटातून पैसे आणले. पाचशेच्या तीन, शंभराच्या तीन. त्याने त्या नोटा माझ्यासमोर मोजल्या, दोनदा, मी मोजतो तशा. गिटारच्या पेटीतल्या तारांच्या कप्प्यात ठेवल्या आणि पेटी बंद केली. परत दिल्या नाहीत. मला वाटत होतं, देईल.

गाणी मे महिन्यात इंटरनेटवर आली. भाऊ दुपारी खाली ती लावतो. माझ्या खोलीत जिन्यातून आवाज येतो. मी जेवताना घास थांबवून ऐकतो, आणि एकदा घड्याळ लावून बघितलं: आउटरचं गाणं पाच मिनिटं अठरा सेकंद.

पंधरा हजार रुपये बारा एप्रिललाच दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी भावाच्या खात्यात जमा झाले. अठराशे रुपये रोख, माझ्याकडून, माझ्या भावाला.